लेकरांच्या बाजूने उभे राहायचे तर आधी स्वतः बदलू या!

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातील दोन चिमुकल्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि महाराष्ट्र हादरला. २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, कित्येक तास लोकलगाड्या बंद राहिल्या. तक्रार नोंदवायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात ताटकळत ठेवले गेले, याची चीड त्या गर्दीत होती आणि ती रास्तच होती. पुढे २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मारला गेला. न्याय झाला असे समजून पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास सोडला. परंतु ज्या देशाच्या संविधानाचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत, त्या देशात न्याय न्यायालयात व्हायला हवा, पोलिसांच्या गाडीत नव्हे. आणि त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न विचारायचा राहूनच गेला. बदलापूरचा आरोपी शाळेतला कामगार होता, परका होता. आपल्या घरातल्या, आपल्या नात्यातल्या, आपल्या वस्तीतल्या आरोपीचे काय?

हा प्रश्न हवेतला नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालकांवरील अत्याचारांचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलामुलींशी बोलून तो तयार झाला होता. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा मुलांनी ज्यांच्यावर विश्वास ठेवावा असे होते. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कुणालाही सांगितलेली नव्हती. याचा सरळ अर्थ असा की, आपण ज्या राक्षसाला अंधाऱ्या गल्लीत शोधतो तो बहुतेक वेळा उंबरठ्याच्या आत असतो. तो मामा असतो, चुलता असतो, शिकवणीचा मास्तर असतो, वसतिगृहाचा रखवालदार असतो, वस्तीत मान असलेला पुढारीही असू शकतो.

आता आपण प्रामाणिकपणे आपल्याकडे पाहिले पाहिजे. अत्याचार करणारा सवर्ण असला की आपली वस्ती रस्त्यावर येते. निवेदने दिली जातात, मोर्चे निघतात, ॲट्रॉसिटीचे कलम लावा म्हणून तहसील कचेरीसमोर ठिय्या दिला जातो. हे झालेच पाहिजे, यात तडजोड नाही. पण तोच अत्याचार करणारा आपल्यातला निघाला की आवाज एकदम बदलतो. ‘घरातली गोष्ट घरात मिटवा’, ‘पोरीचे लग्न व्हायचे आहे’, ‘समाजाची बदनामी होईल’, ‘चळवळीच्या माणसावर चिखलफेक कशाला?’ ही वाक्ये कुणाची आहेत? ही मनुस्मृतीच्या समाजाची वाक्ये आहेत. बाईच्या आणि लेकराच्या देहात घराण्याची अब्रू ठेवायची आणि ती अब्रू लुटणाऱ्यापेक्षा तोंड उघडणाऱ्यालाच दोषी ठरवायचे, ही ब्राह्मणी रीत आहे. मनुस्मृती आपण २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली. तिची राख आपल्या घरात कुठे उरली असेल तर ती झाडून काढण्याचे काम दुसरे कोणी करणार नाही.

लेकरांच्या देहावर हक्क सांगण्याची व्यवस्था या देशात धर्माच्या नावाने चालली, हे बहुजन समाजाला वेगळे सांगायला नको. देवदासी प्रथा हे तिचे सर्वांत उघडेनागडे रूप. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात अस्पृश्य आणि मागास जातींच्या मुली वयात येण्याआधीच यल्लम्माला वाहिल्या जात. केसात जट निघाली, घरात आजारपण आले, मुलगा झाला नाही, असे कोणतेही निमित्त पुरत असे. लहान मुलीचे लग्न देवाशी लागायचे आणि तिचा देह गावातल्या धनदांडग्यांच्या वाट्याला यायचा. याला कुणी अत्याचार म्हणत नव्हते, परंपरा म्हणत होते! राजर्षी शाहू महाराजांनी १९२० मध्ये आपल्या संस्थानात या जोगतिणी-मुरळींच्या हक्काचा कायदा केला. बाबासाहेबांनी जून १९३६ मध्ये मुंबईत देवदासी, जोगतिणी, पोतराज, आराधी यांची सभा घेतली आणि हे जिणे सोडून द्या, असे त्यांना रोखठोक सांगितले. मुंबई प्रांतात १९३४ मध्ये, कर्नाटकात १९८२ मध्ये आणि महाराष्ट्रात पुन्हा २००५ मध्ये या प्रथेविरुद्ध कायदे झाले. एका प्रथेसाठी इतके कायदे पुन्हा पुन्हा का करावे लागले? कारण कायदा कागदावर झाला तरी माणसाच्या मनातला यल्लम्माचा डोह आटला नव्हता.

बालविवाहाची गोष्टही तीच. १८९१ मध्ये इंग्रज सरकारने संमतीवयाचा कायदा करून मुलीचे वय दहावरून बारा केले, तेव्हा धर्म बुडाला म्हणून पुण्यात कोणी ओरड केली, हे इतिहासात नोंदलेले आहे. त्याच्या थोडेच आधी बंगालमध्ये फुलमणी नावाची जेमतेम दहा-अकरा वर्षांची मुलगी प्रौढ नवऱ्याच्या जबरदस्तीने मरण पावली होती. लोकमान्यांना धर्मात सरकारचा हस्तक्षेप नको होता. त्या मुलीच्या वेदनेत मात्र धर्माचा हस्तक्षेप चालत होता! तेव्हापासून २०१७ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या ११ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीशी केलेला संभोग हा बलात्कारच आहे, असे ठरवले. तरीही मराठवाड्यातून ऊसतोडीला निघणारे आईबाप आजही आपली चौदा-पंधरा वर्षांची लेक घाईने उजवून टाकतात. कारण विचारले तर सांगतात, पोरीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचे? अत्याचाराच्या भीतीने तिला आयुष्यभराच्या अत्याचारात ढकलले जाते. या आईबापांना नुसती दूषणे देऊन भागणार नाही. त्यांच्या लेकींसाठी गावात सुरक्षित वसतिगृह आहे का, हे विचारणे चळवळीचे काम आहे.

या काळोखात आपल्या महापुरुषांनी काय केले ते आठवावे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. घरातल्याच पुरुषांनी फसवलेल्या, नासवलेल्या विधवा तिथे येत. त्या बहुतेक ब्राह्मण घरच्या होत्या. ज्यांनी सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकले त्यांच्याच घरच्या त्या लेकी होत्या. सावित्रीबाईंनी त्यांना जात विचारली नाही, ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ असेही विचारले नाही. बाळंतपण केले, गुप्तता पाळली. पुढे तिथेच जन्मलेल्या एका बाळाला दत्तक घेऊन या दांपत्याने त्याला डॉक्टर केले. अत्याचार सोसलेल्या माणसाला आधार कसा द्यावा, याचा धडा आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच गिरवला गेला आहे.

तथागतांच्या काळातली पटाचाराही आपण विसरता कामा नये. नवरा, मुले, आईबाप सारे एकामागोमाग गेले आणि ती वेडीपिशी होऊन उघड्या अंगाने फिरू लागली. लोक तिला हुसकावत होते. भगवान बुद्धांनी तिला अडवू नका म्हणून सांगितले, भगिनी म्हणून तिला जवळ बोलावले. कुणीतरी अंगावरचे वस्त्र तिला दिले. उपदेश त्यानंतर झाला. हीच पटाचारा पुढे भिक्खुणी संघात विनयाची थोर जाणकार ठरली. आधी माणूस म्हणून हाक, मग पांघरूण, मग धम्म, असा तो क्रम आहे. आपण तो उलटा करतो. आपण आधी उपदेश करतो.

‘झाले गेले विसरून जा’ हा असाच एक उपदेश. लहानपणी झालेला अत्याचार विसरता येत असता तर चाळीस-पन्नास वर्षांच्या बाया अजून रात्री दचकून उठल्या नसत्या. ज्या वयात मुलाला काय घडते आहे याचे नावही ठाऊक नसते, त्या वयात ते घडते. ज्या हाताने खाऊ दिला त्याच हाताने घात केला, म्हणून लेकरू आपलाच काहीतरी दोष असेल असे समजते. ते मोठे होते, शिकते, नोकरीला लागते, संसार करते. आत मात्र भीती, चीड, स्वतःबद्दलची घृणा साठत राहते. कुणाला नवऱ्याचा स्पर्श सोसवत नाही, कुणी दारूत बुडतो, कुणी सगळ्या माणसांवरचा विश्वास गमावतो. आपण म्हणतो, स्वभावच विचित्र आहे. त्या विचित्रपणाखाली कोणती जखम आहे हे आपण कधी विचारले का?

अशा व्यक्तीने बदलाची वाट धरायची ठरवली तर तिला आपली साथ हवी. बदलणे म्हणजे गुन्हेगाराला माफ करून टाकणे नव्हे, आणि काही घडलेच नाही असे वागणेही नव्हे. दोष माझा नव्हता, हे मनाला पटणे ही पहिली पायरी. त्यानंतर आपल्या आयुष्याचा लगाम त्या जुन्या घटनेच्या हातून काढून आपल्या हातात घेणे. स्वयंप्रकाशित व्हा, असे तथागत सांगून गेले. पण दिवा पेटेपर्यंत वाऱ्याच्या बाजूला कुणीतरी हात आडवा धरावा लागतो. तो हात नवऱ्याचा असावा, बहिणीचा असावा, मैत्रिणीचा असावा, समुपदेशकाचा असावा. मानसोपचार घेणे म्हणजे वेड लागणे नव्हे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सुरू आहे. डोळ्यांचा डॉक्टर चालतो, मग मनाचा डॉक्टर का चालू नये?

आणखी एक गोष्ट. आपल्या बापजाद्यांना दुसऱ्यांनी दिलेली नावे आपण नाकारली. ‘हरिजन’ म्हणवून घ्यायला आपण नकार दिला, कारण आपली ओळख आपण ठरवणार होतो. तोच हक्क या व्यक्तींना द्या. त्यांनी कधी बोलायचे, कुणाजवळ बोलायचे, किती बोलायचे, की बोलायचेच नाही, हे त्यांचे त्यांना ठरवू द्या. चळवळीच्या व्यासपीठावर उभे करून त्यांच्या दुःखाचे प्रदर्शन मांडू नका. त्यांना बिचारी म्हणू नका. त्या लढून उरलेल्या आहेत.

मुलांविषयी, म्हणजे मुलग्यांविषयी, आपली समजूत तर फारच कच्ची आहे. ‘पोरगा आहे, त्याला काय होतंय?’ असे सर्रास म्हटले जाते. वर सांगितलेल्या अभ्यासात अत्याचार सांगणाऱ्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. आश्रमशाळेत, वसतिगृहात, हॉटेलात राबणाऱ्या, गॅरेजात काम शिकणाऱ्या आपल्या पोरांवर हे संकट आहे. मर्दानगीच्या खोट्या कल्पनेपायी ती पोरे तोंड शिवून बसतात.

लेकराने धाडस करून सांगितले तर काय करावे? पहिली गोष्ट, विश्वास ठेवावा आणि तसे त्याला बोलून दाखवावे. ‘तू सांगितलेस हे बरे केलेस, यात तुझी काही चूक नाही’ एवढे वाक्य पुरते. दहा माणसांसमोर पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये. आरोपीला समोर बसवून खरे-खोटे करू नये. घटना ताजी असेल तर कपडे धुऊ नयेत, तसेच जपून ठेवावेत आणि दवाखाना गाठावा. कुणाला सांगणार नाही, असे खोटे वचन लेकराला देऊ नये, कारण मदत मिळवायची तर सांगावे लागणारच आहे. आणि जे लेकरू सांगत नाही त्याच्याकडे लक्ष असावे. एखाद्या घरी जायला ते अचानक नकार देऊ लागले, पुन्हा अंथरूण ओले करू लागले, शाळा टाळू लागले, तर रागावण्याआधी जवळ घ्यावे.

कायदा आज पूर्वीसारखा दुबळा नाही. १९७२ मध्ये आपल्याच विदर्भातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी अल्पवयीन मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. अंगावर जखमा नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींना सोडून दिले. देशभरच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या तेव्हा १९८३ मध्ये कायदा बदलला. बालकांसाठीचा ‘पोक्सो’ कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला तो लागू होतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा आहे, पोलिसाने गणवेश न घालता घ्यायचा आहे, रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची आहे. साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेसमोर येता कामा नये. बालकल्याण समितीमार्फत खटल्यात सोबत करणारी सहायक व्यक्ती मिळू शकते. गुन्हा ठाऊक असून न कळवणे हा या कायद्याने गुन्हा आहे, आणि पोलिसाने तक्रार न नोंदवणे हाही गुन्हा आहे. आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल आणि पीडित मूल अनुसूचित जातीचे असेल तर सोबत ॲट्रॉसिटी कायदाही लावून घ्यावा. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. राज्यात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. लहानपणीची तक्रार मोठेपणी करता येते का, असे अनेक जण विचारतात. पोक्सोखालील गुन्ह्याची तक्रार करायला कालमर्यादा नाही, असे केंद्रीय कायदा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे.

अर्थात कायद्याच्या खुर्चीवरही माणसेच बसतात. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, कपड्यांवरून केलेल्या स्पर्शाला पोक्सोचा लैंगिक हल्ला म्हणता येणार नाही, असा निकाल दिला होता! त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. हेतू महत्त्वाचा, कातडीला कातडी लागण्याची अट नाही, असे बजावले. म्हणून कायद्यावर विसंबून झोपायचे नसते. त्याच्यावर पहारा ठेवायचा असतो.

पोक्सोचे गुन्हे बैठकीत मिटवता येत नाहीत, हेही आपल्या पंचांनी ध्यानात घ्यावे. राजस्थानात एका शाळकरी दलित मुलीच्या विनयभंगाचा गुन्हा शिक्षकावर दाखल झाला. पुढे मुलीच्या बापाने तडजोड केली आणि उच्च न्यायालयाने खटला रद्द केला. तेव्हा त्या कुटुंबाबाहेरचे दोन नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती तडजोड झुगारून खटला पुन्हा उभा केला. असा गुन्हा दोन माणसांतला खासगी तंटा नसतो, तो समाजाविरुद्धचा गुन्हा असतो, हा त्या निकालाचा सारांश. मुलीचे स्वतःचे घर वाकले तेव्हा दोन परकी माणसे ताठ उभी राहिली. समाज म्हणतात तो याला!

काही कार्यकर्ते म्हणतील, पोलीस जातीयवादी आहेत, आपल्या पोरांना खोट्या गुन्ह्यांत अडकवतात. हे खरे आहे. सवर्ण मुलीवर प्रेम केले म्हणून आपल्या तरुणांवर पोक्सो लावल्याची प्रकरणे घडतात, आणि तिथे त्या तरुणांच्या पाठीशी वकील उभा करणे आपले कर्तव्यच आहे. पण सतरा वर्षांच्या मुलीचे प्रेम आणि सात वर्षांच्या लेकराची विटंबना या दोन गोष्टी एका तराजूत घालू नका. व्यवस्थेच्या अन्यायाची ढाल करून घरातल्या गुन्हेगाराला लपवता येणार नाही. आणि नुसती ‘फाशी द्या’ अशी घोषणा देऊनही भागणार नाही. २०१९ मध्ये पोक्सोत फाशीची तरतूद झाली. पण जिथे आरोपी सख्खा चुलता असतो तिथे फाशीच्या धाकाने घर अधिकच गप्प बसते. शिक्षा किती कडक यापेक्षा शिक्षा नक्की होईल की नाही, आणि तोवर लेकराला कोण सांभाळेल, हे प्रश्न मोलाचे आहेत.

बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत, समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे सांगितले होते. आज त्या मोजपट्टीवर लेकरांची सुरक्षितताही मोजली पाहिजे. प्रत्येक विहारात वर्षातून दोनदा तरी आईबापांची आणि मुलांची वेगवेगळी बैठक घेऊन हा विषय मोकळेपणाने बोलला जावा. महिला मंडळाने मुलांना विश्वासाने बोलता येईल अशा दोन-तीन जाणत्या बायांची नावे वस्तीला सांगावीत. पहाटे कामाला जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी पाळणाघर असावे. संघटनेच्या शिबिरांत, वसतिगृहांत, संस्कार वर्गांत मुलांजवळ कुणाला नेमतो याची चौकशी व्हावी. आणि आरोप झाला तर तो माणूस कितीही मोठा वक्ता, कितीही जुना कार्यकर्ता असो, चौकशी होईपर्यंत त्याला पदावरून दूर ठेवावे. पंचशीलातील तिसरे शील आपण रोज म्हणतो. ते म्हणणाऱ्याच्या आचरणाचा हिशेब मागण्याचा अधिकार वस्तीतल्या सर्वांत लहान लेकरालाही आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्या प्रतिज्ञा ‘आम्ही’ म्हणून नाहीत, ‘मी’ म्हणून आहेत. लाखोंच्या गर्दीतही बाबासाहेबांनी प्रत्येकाला एकेकट्याने शब्द द्यायला लावला, कारण समाज बदलायचा तर आधी एकेक माणूस बदलावा लागतो. तसाच एक शब्द आज पुन्हा द्यायचा आहे. मी लेकराचे ऐकेन. मी नात्यासाठी, पुढाऱ्यासाठी, अब्रूसाठी गप्प बसणार नाही. ज्याने सोसले त्याच्या पाठीशी मी उभा राहीन, आणि ज्याने केले त्याला माझ्या घरात आसरा मिळणार नाही.

जयभीम!